इमाम रझा यांचा मृत्यू : परस्परविरोधी हकिकती वाचायच्या कशा?

खुरासानातल्या (आजच्या ईशान्य इराणमधल्या) तूसजवळ सनाबाद नावाचं गाव होतं. हिजरी २०३ मध्ये, म्हणजे इ.स. ८१८ मध्ये, तिथे अली इब्न मूसा अर्-रझा वारले. बारा इमाम मानणाऱ्या शियांचे ते आठवे इमाम, आणि त्याच वेळी अब्बासी खलिफा मामूनचे जाहीर केलेले वारसदार. ते कशाने वारले याचं उत्तर प्रत्येक ग्रंथ वेगळं देतो. एक म्हणतो द्राक्षं फार खाल्ली, दुसरा म्हणतो डाळिंबातून विष दिलं, तिसऱ्यात द्राक्षांच्या देठांत सुया खुपसलेल्या आहेत, चौथ्यात कुणाला तरी नखं वाढवायला सांगितलं आहे.

हा विषय पहिल्यांदाच हातात घेणारा वाचक हमखास दोनपैकी एका ठिकाणी अडकतो. 'इतके लोक विष म्हणतात म्हणजे विषच असणार' हे एक, नाहीतर 'सगळेच वेगवेगळं सांगतात म्हणजे सगळंच खोटं' हे दुसरं. दोन्ही घाईचे निष्कर्ष आहेत. पुढच्या पायऱ्या ओळीने घेतल्या तर पक्कं काय, जुना संशय कोणता आणि नंतर चढलेला थर कोणता, हे बऱ्यापैकी वेगळं करता येतं.

## सुरुवातीला काय जवळ हवं

अरबी येत नसेल तरी अडत नाही, पण सारांश आणि व्हिडिओ यांवर विसंबू नका. मूळ मजकुराचं भाषांतर हवंच. जुना इतिहासकार तबरी याच्या अरबी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर चाळीस खंडांत आहे. हा प्रसंग त्याच्या ३२व्या खंडात येतो. त्याच्याही आधीच्या याकूबीचा इतिहास आणि शिया विद्वान शेख मुफीद यांचं 'किताब अल्-इर्शाद' यांचीही इंग्रजी भाषांतरं आहेत. शेख सदूक यांचं 'उयून अख़बार अर्-रझा' हे या विषयावरचं सर्वांत विस्तृत शिया संकलन. एवढे चार ग्रंथ टेबलावर असले की काम सुरू करता येतं.

त्याशिवाय लागेल :

- हिजरी तारखेवरून इसवी तारीख आणि वार देणारी जंत्री (मराठ्यांची कागदपत्रं वाचणाऱ्यांना ही सवय असतेच)
- मामूनच्या प्रवासाचा मर्व, सरख्स, तूस, जुर्जान, रय, बगदाद हा मार्ग दाखवणारा नकाशा
- एक मोठा आडवा कागद किंवा स्प्रेडशीट, सहा रकान्यांची

रकाने असे करा : ग्रंथकार आणि त्याचं मृत्यूवर्ष, सांगणारा कोण, पदार्थ कोणता, आरोप कुणावर, तारीख काय, आणि ग्रंथकार स्वतः ठामपणे सांगतो की 'असं म्हणतात' म्हणून सोडून देतो. शेवटचा रकाना बहुतेक जण टाळतात. सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच होतो.

## १. ज्यावर वाद नाही ते आधी लिहून काढा

भांडणाच्या जागेवर एकदम जाऊ नका. आधी चौकट बांधा.

हारून अर्-रशीद हिजरी १९३ (इ.स. ८०९) मध्ये तूसलाच वारला आणि सनाबादला पुरला गेला. त्याच्या दोन मुलांत यादवी झाली, हिजरी १९८ मध्ये अमीन मारला गेला, मामून खलिफा झाला, पण बगदादला न जाता मर्वमध्येच राहिला. २ रमजान २०१ रोजी त्याने अली इब्न मूसा यांना वारस जाहीर केलं आणि अब्बासींच्या झेंड्या-कपड्यांचा काळा रंग उतरवून हिरवा आणला. हिजरी २०२ चे दिरहम मिळाले आहेत, त्यांवर वारस म्हणून रझा यांचं नाव कोरलेलं आहे. म्हणजे ही नेमणूक ग्रंथकारांच्या शब्दावर अवलंबून नाही, ती धातूवर आहे.

बगदादमधले अब्बासी खवळले. त्यांनी मामूनच्या काकाला, इब्राहीम इब्न अल्-महदीला, खलिफा केलं. हिजरी २०२ मध्ये मामून मर्वहून पश्चिमेकडे निघाला. वाटेत सरख्सला त्याचा वजीर फज़्ल इब्न सहल हमामखान्यात मारला गेला. पुढे तूसला मुक्काम पडला, तिथे रझा वारले, आणि मामूनने त्यांना आपल्या बापाच्या कबरीशेजारी पुरलं. सफर २०४ मध्ये (ऑगस्ट ८१९) तो बगदादला पोचला. थोड्याच दिवसांत हिरवा रंग गेला, काळा परत आला.

या चौकटीवर कुणाचा आक्षेप नाही. एकाच प्रवासात वजीर गेला आणि वारसही गेला, दोघंही बगदादशी समेट व्हायच्या आड येणारे. संशय कुठून उगवला ते इथेच दिसतं. पण संशयाला कारण असणं वेगळं आणि पुरावा असणं वेगळं, हे दोन रकाने एकमेकांत मिसळू देऊ नका.

## २. तारखा पारखा, वारासकट

मृत्यूची सर्वांत जास्त आढळणारी तारीख सफर २०३ चा शेवट, म्हणजे ५ किंवा ६ सप्टेंबर ८१८. सदूक मात्र २१ रमजान २०३, शुक्रवार, ही तारीख बरोबर मानतात.

इथे जंत्री काढा. आधी एक माहीत असलेली तारीख घालून पद्धत तपासा : वारस-नेमणूक तबरी '२ रमजान २०१, मंगळवार' अशी देतो. जंत्रीत २४ मार्च ८१७ येतो, आणि तो मंगळवारच आहे. पद्धत चालते. आता २१ रमजान २०३ घाला. येतो २२ किंवा २३ मार्च ८१९, म्हणजे मंगळवार किंवा बुधवार. चंद्रदर्शनामुळे एका दिवसाचा फरक नेहमीच धरावा लागतो, पण शुक्रवारपर्यंत ओढायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे तारीख, वार किंवा वर्ष यांपैकी काहीतरी हललेलं आहे.

दुसरी चाचणी हंगामाची. खुरासानात ऑगस्ट-सप्टेंबर हा द्राक्षांचा काळ. मार्चमध्ये वेलीवर ताजी द्राक्षं नसतात. साठवलेली असू शकतात, म्हणून हा निर्णायक पुरावा नाही. तरी द्राक्षांची हकिकत मानायची तर सफरची तारीख तिला सहज बसते, रमजानची ओढूनताणून.

नेहमीच्या चुका इथे तीन :

- हिजरी २०३ हे वर्ष जुलै ८१८ ते जून ८१९ असं पसरलेलं आहे. महिना न पाहता नुसतं इसवी वर्ष लिहिलं की एक वर्ष चुकतं.
- इंटरनेटवरचे बरेच कन्व्हर्टर आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तारीख देतात. इतिहासाच्या पुस्तकांत त्या काळासाठी ज्युलियन तारीख असते. नवव्या शतकात दोन्हींत चार दिवसांचं अंतर आहे. तुमची तारीख पुस्तकाशी बरोबर चार दिवसांनी जुळत नसेल तर कारण हेच.
- हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. 'रात्री वारले' असं असेल तर इसवी तारीख आदल्या दिवसाची येते.

## ३. प्रत्येक हकिकत सुटी करा

आता तक्ता भरायला घ्या, ग्रंथकारांच्या काळाच्या क्रमाने.

याकूबी (तिसऱ्या हिजरी शतकाचा उत्तरार्ध). मृत्यू नौकान गावात, २०३ च्या सुरुवातीला. आजार तीन दिवसांपेक्षा जास्त नाही. 'असं म्हणतात' की अली इब्न हिशामने विषारी डाळिंब खाऊ घातलं. मामूनने फार शोक केला, तिरडीबरोबर चालला, कबरीपाशी तीन दिवस राहिला, आणि रोज एक भाकर व मीठ एवढंच खाल्लं. भाकर आणि मीठ हा तपशील मनात ठेवा, याकडे परत यायचं आहे.

तबरी (मृ. हिजरी ३१०). द्राक्षं खाल्ली, फार खाल्ली, अचानक वारले. विषाचा शब्द नाही.

मसऊदी (मृ. ३४५). द्राक्षं फार खाल्ली, आणि 'म्हणतात की' विष होतं.

इब्न हिब्बान (मृ. ३५४). मामूनने पाजलेल्या पेयाने वारले.

अबुल फरज इस्फहानी (मृ. ३५६) आणि मुफीद (मृ. ४१३). दोघांकडे अब्दुल्ला इब्न बशीर नावाच्या माणसाची हकिकत आहे. मामूनने त्याला नखं वाढवायला सांगितलं, मग चिंचेसारखं काहीतरी दिलं आणि हातांनी मळायला लावलं. नंतर त्याच हातांनी डाळिंबाचा रस काढायला सांगितला. तो रस इमामांनी घेतला, आणि दोन दिवसांत ते गेले. मूळ अरबीत 'तमर हिंदी' असा शब्द आहे, म्हणजे हिंदुस्थानची खजूर, आपली चिंच. काळा, चिकट, हाताला लागून राहणारा गोळा डोळ्यांसमोर येतो. मुफीदकडे दुसरी हकिकतही आहे : द्राक्षांच्या देठांत काही दिवस सुया ठेवल्या, मग काढून घेतल्या आणि ती द्राक्षं दिली.

सदूक (मृ. ३८१). सर्वांत लांब हकिकती. द्राक्ष, डाळिंब, कबर खोदताना निघालेलं पाणी आणि मासे, मदीनेहून आलेला इमामांचा लहान मुलगा.

इब्न अल्-असीर (मृ. ६३०). मामूनने द्राक्षातून विष दिल्याचं म्हणतात, पण 'माझ्या मते हे दूरचं आहे', म्हणजे संभवत नाही.

## ४. ग्रंथ मोजू नका, साक्षीदार मोजा

सर्वांत मोठा सापळा हाच. अबुल फरज आणि मुफीद या दोन ग्रंथांत नखांची हकिकत आहे म्हणून तिला दोन पुरावे नाहीत. मुळात बोलणारा एकच, अब्दुल्ला इब्न बशीर. तसंच मसऊदीचं द्राक्षांचं वाक्य तबरीच्या वाक्याच्या इतकं जवळचं आहे की त्याला वेगळी साक्ष धरू नये. तक्त्यात ज्या ओळींचा 'सांगणारा' एक, त्या एकाच रंगात रंगवा. भरगच्च दिसणारा कागद एकदम विरळ होतो.

मग विचारा : हा माणूस तिथे असू शकत होता का?

सदूक यांच्या संकलनात एक अख्खं प्रकरण हर्समा इब्न आयन या सेनापतीच्या तोंडी आहे. इमामांनी त्याला आधीच सगळं सांगितलं, द्राक्ष आणि डाळिंब दोन्हींतून विष दिलं गेलं, वगैरे. पण तबरीनुसार हर्समा हिजरी २०० मध्येच मर्वच्या कैदेत मेला. म्हणजे नेमणुकीच्याही आधी. तो हे पाहूच शकत नाही. या एका तपासाला पाच मिनिटं लागतात : सांगणाऱ्याचं नाव घ्या, त्याचं मृत्यूवर्ष शोधा, घटनेशी ताडून पाहा. तरीही नवशिके हे करत नाहीत, कारण हकिकत वाचताना भारावून जायला होतं.

अबुस्-सल्त हरवीचं तसं नाही. तो इमामांच्या सहवासातला होता आणि पुढे तीस-एक वर्षं जगला, त्यामुळे काळ जुळतो. हदीस (पैगंबरांची वचनं) सांगणाऱ्यांची विश्वासार्हता पारखणाऱ्या सुन्नी परीक्षकांत त्याच्याबद्दल मतभेद आहेत. याह्या इब्न मईन यांनी त्याची बाजू घेतली, दारकुत्नी यांनी त्याला झोडपलं. त्याच्या नावावर दोन आकाराच्या हकिकती आहेत. मुफीदकडची छोटी : मामून बाहेर पडल्यावर तो आत गेला तेव्हा इमाम म्हणाले, 'अबुस्-सल्त, त्यांनी ते केलं.' सदूककडची मोठी, चमत्कारांसह. लक्षात घ्या, छोटी हकिकत नंतरच्या ग्रंथात आहे. 'जितकं उशिराचं तितकं फुगलेलं' हा ठोकताळा इथे उलटा पडतो. मुफीद हे सदूक यांचेच विद्यार्थी होते आणि त्यांनी काय घ्यायचं, काय सोडायचं हे ठरवून लिहिलं आहे.

## ५. 'म्हणतात' हा शब्द गाळू नका

अरबीत तो 'कीला' असा येतो. सारांश करताना हा शब्द सर्वांत आधी पडतो. 'याकूबी सांगतो की अली इब्न हिशामने विष दिलं' हे वाक्य चूक आहे. 'याकूबीच्या काळी असं बोललं जात होतं' हे बरोबर. दुसऱ्या वाक्यातूनही मोठी गोष्ट कळतेच : मृत्यूनंतरच्या काही दशकांतच विषाची चर्चा चालू होती. ती सदूक-मुफीदच्या काळात जन्मलेली नाही.

याच्या उलटही पाहा. तबरी विषाबद्दल गप्प आहे म्हणून त्याने विष नाकारलं असं होत नाही. आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सांगतोच की जे माझ्यापर्यंत पोचलं ते मी पोचतं करतो. गप्प राहणं आणि नाकारणं यांना तक्त्यात वेगळ्या खुणा द्या.

आरोपीचं नावही तपासायला हवं. अली इब्न हिशाम हा मामूनचा सरदार. पुढे हिजरी २१७ मध्ये मामूननेच त्याला ठार केलं. याकूबी लिहीत होता तेव्हा हा माणूस मर्जीतून उतरून मेलेला होता आणि त्याच्या नावावर काहीही टाकणं सोपं होतं. त्याच्यावरचा आरोप यामुळे खोटा ठरत नाही, पण वजन कमी होतं.

## ६. पंथ पाहून निकाल लावू नका

'शिया ग्रंथ म्हणजे विष, सुन्नी ग्रंथ म्हणजे नैसर्गिक मृत्यू' ही वाटणी कागदावर उतरवून पाहा, टिकत नाही.

इब्न हिब्बान हे सुन्नी हदीसपंडित. मामूनवर थेट ठपका ठेवतात, आणि या कबरीला आपण अनेकदा गेलो, तिथली प्रार्थना फळली असंही लिहितात. उलट अली इब्न ईसा इर्बिली या शिया लेखकाने तेराव्या इसवी शतकात नोंदवलं आहे की रझीउद्दीन इब्न ताऊस, शियांमधलेच मोठे विद्वान, मामूनने विष दिलं हे मानत नव्हते.

मुफीद यांची भूमिका तर पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. सदूक यांचं मत होतं की सगळे इमाम विषाने किंवा शस्त्राने गेले. त्यांच्या श्रद्धाविषयक ग्रंथाची दुरुस्ती करताना मुफीद लिहितात की यातलं काही सिद्ध आहे, काही नाही. रझा यांच्याबाबत मनाला ते पटतं, 'पण त्यात शंका आहे'. ज्याने 'इर्शाद'मध्ये सुया आणि नखं दोन्ही नोंदवली, तोच माणूस हे म्हणतो आहे. हजार वर्षांपूर्वीच्या श्रद्धावान विद्वानाने स्वतःच्या गुरूसमोर एवढी स्पष्ट रेघ ओढली, याबद्दल मनापासून आदर वाटतो.

मुंबई-पुण्यातल्या वाचकांचा आणखी एक गोंधळ होतो. दाऊदी बोहरा शियाच, पण त्यांची इमाम-परंपरा जाफर सादिक (रझा यांचे आजोबा) यांच्यानंतर त्यांचा मुलगा इस्माईल यांच्याकडे वळते. त्यांच्या यादीत रझा नाहीत. म्हणून 'शिया असं मानतात' असं सरसकट लिहू नका. 'बारा इमामी शिया' असं लिहा.

शब्दही जपून वापरा. 'शहादत' लिहिलं की निकाल दिला, 'वफात' (निधन) लिहिलं की तो टाळला. 'मृत्यू' हा शब्द कामाला पुरतो. सनाबादच्या जागी आज उभ्या असलेल्या मशहद या शहराच्या नावाचा अर्थच शहीद झाल्याची जागा, त्यामुळे ते नाव पुरावा म्हणून पुढे करू नका.

## ७. हेतूचा ताळेबंद दोन्ही बाजूंनी मांडा

मामूनला फायदा होता का? होता. तबरीच सांगतो की मृत्यूनंतर मामूनने बगदादच्या अब्बासींना कळवलं : तुमचा राग या नेमणुकीवर होता, ती आता राहिली नाही, परत आज्ञेत या. बगदादकरांनी अत्यंत कडक शब्दांत उलट उत्तर पाठवलं. मामूनचं ते पत्र विषाचा पुरावा नाही, पण मृत्यूचा राजकीय उपयोग ताबडतोब केला गेला याचा मात्र आहे. मुफीदकडे असंही आहे की मामूनने मृत्यू एक दिवस-रात्र लपवला आणि मग अबू तालिबच्या, म्हणजे इमामांच्याच, घराण्यातल्या लोकांना बोलावून शव धडधाकट असल्याचं दाखवलं.

दुसरी बाजू. मामूनने आपली एक मुलगी रझा यांना दिली होती, दुसरीचं लग्न त्यांच्या मुलाशी, मुहम्मद जवाद यांच्याशी, ठरवलं, आणि रझा गेल्यानंतरही ते नातं मोडलं नाही. हिजरी २१२ मध्ये त्याने पहिले इमाम, पैगंबरांचे जावई अली, यांचं श्रेष्ठत्व जाहीर केलं. हिरवा रंगही बगदादला पोचेपर्यंत उतरवला नाही.

आता भाकर आणि मीठ. शोक खरा की देखावा, हे ग्रंथ सांगू शकत नाही. शोकाची हकिकत मामूनच्या निर्दोषत्वासाठी वापरता येते आणि 'संशय होता म्हणूनच इतकं दाखवावं लागलं' असंही म्हणता येतं. जो तपशील दोन्हीकडे ओढता येतो तो तोलात धरू नका.

## ८. वैद्यकी करायला बसू नका

सुईने देठातून विष चढतं का, नखांखाली किती मावतं, तीन दिवसांच्या आजारावरून कोणतं विष ओळखता येतं, असे प्रश्न लोक तासन्‌तास चघळतात. लक्षणांचं विश्वासार्ह वर्णनच नाही, तर निदान कशाचं करणार? या तपशिलांतून एवढंच दिसतं की सांगणाऱ्यांना विष 'कसं' दिलं हे पटवून द्यायचं होतं आणि प्रत्येकाने वेगळा मार्ग निवडला.

## ९. निष्कर्ष पायऱ्यांत लिहा

एका वाक्यात सगळं कोंबलं की चूक होतेच. असं लिहिता येईल :

'अली अर्-रझा हे हिजरी २०३ मध्ये, बहुधा सफरच्या अखेरीस, तूसजवळ अल्प आजाराने किंवा अचानक वारले. विषप्रयोगाचा संशय तिसऱ्या हिजरी शतकातच नोंदला गेला आहे, पण आरोपी आणि साधन यांबाबत हकिकती जुळत नाहीत. राजकीय परिस्थितीमुळे काही आधुनिक इतिहासकारांना मामूनचा हात संभाव्य वाटतो. बारा इमामी परंपरेत विषाने शहादत हेच मत रूढ आहे, तरी त्या परंपरेतल्या काही विद्वानांनीच शंका नोंदवली आहे.'

यातल्या प्रत्येक वाक्यासमोर तक्त्यातली कोणती ओळ आहे ते समासात लिहा. ज्या वाक्यासमोर एकही ओळ सापडत नाही, ते खोडून टाका.